एकविसाव्या दिवसाचा रिपोर्ट: देवगड किनाऱ्यावरचं एक प्रकरण

तीन वर्षं दिवस न राहिलेल्या एका बाईच्या तपासण्यांची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून गाव, कामाचं ठिकाण आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि त्यांतले दिवसांचे हिशेब मात्र काटेकोर ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळं दिवसांवरच अडलं होतं.

पार्श्वभूमी

वय २९, लग्नाला तीन वर्षं, मूल नाही. राहायला देवगड तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या गावात. काजूच्या कारखान्यात रोजावर काम. एक दिवस खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. नवरा ३३ वर्षांचा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर खलाशी. बोट आठ-दहा दिवस बाहेर असते. तो महिन्यातून साधारण दोनदा, दोन-दोन रात्रींसाठी घरी येतो. सलग घरी असतो तो फक्त पावसाळी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै. आधी ती ज्या दोन दवाखान्यांत जाऊन आली होती, तिथे हा तपशील कुणी विचारलाच नव्हता.

पाळीबद्दल तिचं म्हणणं असं: "पाळी येता, पण कधी येतली ता काय सांगूक येणा नाय." घरातल्या कालनिर्णयावर तिनं खुणा केलेल्या होत्या, त्या मोजल्या तेव्हा चक्रं ३४ ते ४१ दिवसांची निघाली. एक चक्र ५२ दिवसांचं दिसत होतं. ते गणपतीच्या वेळचं होतं. घरात गणपती म्हणून तिनं पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, घेतल्या होत्या. कोकणात गणपती-शिमग्याच्या आसपासचा पाळीचा हिशेब तपासताना हा प्रश्न न विसरता विचारावा. अशा गोळीनं लांबलेलं चक्र सरासरीत धरलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. ते ५२ दिवस बाजूला ठेवले.

वजन उंचीच्या मानानं योग्य. चेहऱ्यावर जादा केस नाहीत, मुरुमं नाहीत. गेल्या वर्षभरात केस गळत होते. पोटदुखी, आधीचं ऑपरेशन, क्षयरोग यांपैकी काही नाही.

दोन रिपोर्ट, दोन उलटे निष्कर्ष

पहिलं रक्त ११ जानेवारीला दिलं. पाळी २२ डिसेंबरला आली होती, म्हणजे तो बरोबर २१ वा दिवस. प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर, एलएच (बीज सुटायचा इशारा देणारं हार्मोन) ११.२, एफएसएच (बीज वाढवणारं हार्मोन) ४.९, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ३१. त्यावरून तिला सांगितलं गेलं की अंडाशयातून बीज सुटत नाही, एलएच एफएसएचच्या दुप्पट आहे म्हणजे पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा अंडाशयाचा विकार) आहे, आणि बीज तयार होण्याच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, पण नवरा बोटीवर असल्यानं त्या घेतल्याच गेल्या नाहीत.

मार्चमध्ये शेजारणीच्या सल्ल्यानं दुसरा दवाखाना, दुसरी प्रयोगशाळा. १४ मार्चला, पाळीच्या ९ व्या दिवशी रक्त दिलं. प्रोजेस्टेरॉन ११.४, एस्ट्राडिओल (बीज पिकताना अंडाशयातून येणारं हार्मोन) ४६८ पिकोग्रॅम प्रति मिलीलिटर, एलएच १.२, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) ०.०९, फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) २.९. आता निष्कर्ष असा की बीज सुटतंय, पण थायरॉइड फार वाढलंय आणि त्याची गोळी लागेल. त्याच आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ६ मिलिमीटर, सगळ्यात मोठं फॉलिकल (बीज वाढतं ती पिशवी) ९ मिलिमीटर, आणि बीज सुटल्यानंतर उरणारा पिवळा पिंड, म्हणजे कॉर्पस ल्युटियम, कुठेच नाही.

घरात मात्र "पीसीओडी आणि थायरॉइड, दोन्ही आहे" एवढंच पोचलं होतं. सासूबाईंनी गोड बंद केलं होतं, तांदूळही कमी केला होता.

नेमका प्रश्न

तिसऱ्या ठिकाणी ती आली तेव्हा प्रश्न तीन होते. तिचं बीज खरंच सुटतं का? दुसऱ्या रिपोर्टातला थायरॉइडचा आकडा खरा आहे का? आणि बीज सुटत असेल तर तीन वर्षं दिवस का गेले नाहीत?

पहिल्या रिपोर्टाचं उत्तर कालनिर्णयावरच होतं. ११ जानेवारीनंतर पुढची पाळी २७ जानेवारीला आली, म्हणजे रक्त दिल्यावर १६ दिवसांनी. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा टप्पा बहुतेक स्त्रियांत १२ ते १४ दिवसांचा असतो. पाळी उशिरा येते तेव्हा सहसा त्याआधीचा, बीज पिकण्याचा टप्पा लांबलेला असतो. तेव्हा २७ जानेवारीपासून मागे मोजलं तर त्या महिन्यात बीज सुटलं असेल ते १३ किंवा १४ जानेवारीच्या सुमारास. रक्त त्याच्या दोन-तीन दिवस आधी घेतलं गेलं होतं. बीज सुटण्याआधी प्रोजेस्टेरॉन १ च्या खालीच असतं. ०.६ हा आकडा त्या दिवसासाठी अगदी बरोबर होता.

"२१ वा दिवस" हा नियम २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. चाचणीचा खरा दिवस येणाऱ्या पाळीच्या सात दिवस आधीचा. ३५ दिवसांचं चक्र असेल तर तो २८ वा दिवस होतो, ४० चं असेल तर ३३ वा. पाळीचा भरवसा नसेल तर २१ व्या दिवसापासून पाळी येईपर्यंत दर आठवड्याला रक्त घेणं हाच रास्त मार्ग. एलएच-एफएसएचच्या प्रमाणाचंही तसंच. बीज सुटायच्या तोंडावर एलएच वर चढतंच, त्यामुळे २१ व्या दिवशीच्या त्या प्रमाणावरून पीसीओडी ठरवता येत नाही. हल्लीच्या निकषांत ते प्रमाण नाहीच. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित चक्र, पुरुषी हार्मोनचा अतिरेक (लक्षणांत किंवा रक्तात), आणि सोनोग्राफीत फॉलिकलची ठरावीक संख्या किंवा अंडाशयाचा वाढलेला आकार. तिसऱ्याऐवजी प्रौढ स्त्रीत एएमएच (अंडाशयातल्या फॉलिकलच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) चालतं. तिच्याकडे या तीनपैकी एकच गोष्ट होती.

दुसरा रिपोर्ट जास्त अवघड होता, कारण तो तारखेनं सुटत नव्हता. ९ व्या दिवशी, अंडाशयात पिवळा पिंड नसताना, प्रोजेस्टेरॉन ११.४ येणं शरीरात शक्य नाही. ९ मिलिमीटरचं फॉलिकल ४६८ एवढं एस्ट्राडिओल देत नाही. पूर्ण पिकलेलं फॉलिकलही साधारण २०० ते ३०० देतं. थायरॉइड एवढं वाढलं असेल तर नाडी धावायला हवी, हात थरथरायला हवेत, वजन उतरायला हवं. नाडी ७६ होती, हात स्थिर होते.

मग आकड्यांकडे एका ओळीत पाहिलं. प्रोजेस्टेरॉन, एस्ट्राडिओल आणि फ्री टी-४ वर गेलेले. एलएच आणि टीएसएच खाली गेलेले. पहिल्या गटातल्या चाचण्या ज्या पद्धतीनं होतात तिला स्पर्धात्मक पद्धत म्हणतात, दुसऱ्या गटातल्या सँडविच पद्धतीच्या. कित्येक यंत्रांत बायोटिन हे जीवनसत्त्व आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या घट्ट जोडणीवर मोजमाप चालतं. रक्तात बायोटिन जादा असेल तर ते मध्ये घुसतं, आणि स्पर्धात्मक चाचणी खोटी जास्त व सँडविच चाचणी खोटी कमी दाखवते. सगळे आकडे असे दोन गटांत, उलट्या दिशांना सरकलेले दिसले की पहिला प्रश्न विचारायचा: केसांची गोळी घेता का?

ती घेत होती. फेब्रुवारीपासून रोज सकाळी एक, १० मिलिग्रॅम बायोटिनची. रक्त द्यायला निघण्यापूर्वीही घेतली होती, कारण "उपाशी यायला सांगितलं होतं, गोळीचं काही म्हणाले नव्हते." हे औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं तर केसांची गोळी बायका औषधांत धरत नाहीत. तिचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

यात फक्त पैसे वाया गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण या आकड्यावरून थायरॉइड कमी करणारं कार्बिमाझोल सुरू झालं असतं आणि त्याच महिन्यात दिवस गेले असते, तर गर्भात जन्मजात दोषांचा धोका ओढवून घेतला असता, तोही नसलेल्या आजारासाठी.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता सरळ लेट्रोझोल (बीज पिकवण्याची गोळी) देण्याचा. ५ दिवसांचा कोर्स, स्वस्त, आणि बीज लवकर पिकून चक्र आटोपशीर होतं. पुष्कळ ठिकाणी हेच केलं जातं. अडचण ही की बीज आपोआप सुटत असेल तर औषधाचा फायदा मर्यादित, आणि एकाहून जास्त फॉलिकल पिकली तर ते पाहायला वेळेवर सोनोग्राफी हवी. शिवाय बीज ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी नवरा बोटीवर असेल तर गोळी कितीही चांगली असून उपयोग शून्य.

दुसरा, सोनोग्राफीनं फॉलिकलचा पाठपुरावा. यातून बीज कधी सुटतं ते डोळ्यांनी दिसतं. पण ३८ दिवसांच्या चक्रात १२ व्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी म्हटलं तर सहा-सात फेऱ्या होतात. एसटीनं जाऊन-येऊन प्रत्येक फेरीला मजुरीचा एक दिवस. तिनं स्वच्छ सांगितलं की हे जमणार नाही, आणि ते मानणं योग्यच होतं. अर्धवट सोडलेला पाठपुरावा काहीच न केल्याहून जास्त गोंधळ घालतो.

सकाळचं शरीराचं तापमान लिहिण्याचा विचार झाला. बीज सुटल्यावर ते साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसनं वाढतं, पण ती वाढ बीज सुटून गेल्यावरच कळते. आणि नवरा पहाटे तीनला घरी पोचतो त्या रात्रीची झोप मोडलेली असते, म्हणजे ज्या दिवसांचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा तोच बिघडलेला. हा पर्याय सोडला.

दर आठवड्याला प्रोजेस्टेरॉन हा मार्ग खात्रीचा, पण एका चक्रात तीन तपासण्या लागल्या असत्या. शेवटी ठरलं ते असं: लघवीतल्या एलएचच्या पट्ट्या घरी वापरायच्या, आणि पट्टी स्पष्ट होकारार्थी आल्यावर सातव्या दिवशी एकदाच रक्तातलं प्रोजेस्टेरॉन. पट्टी सांगते की मेंदूकडून इशारा गेला. इशारा गेला म्हणून बीज सुटलंच असं नाही, ती खात्री प्रोजेस्टेरॉन देतं. दोन्ही मिळून एक फेरी, एक सुई.

काय केलं

आधी पाया साफ केला. बायोटिन बंद. दोन-तीन दिवसांचा खंड बहुधा पुरतो. इथे वेळ हाताशी होता म्हणून पूर्ण आठवड्याहून जास्त खंड ठेवला. १४ एप्रिलला पाळी आली, १६ ला तिसऱ्या दिवसाचं रक्त घेतलं: एफएसएच ६.१, एलएच ६.८, एस्ट्राडिओल ४१, टीएसएच २.४, फ्री टी-४ १.२, प्रोलॅक्टिन १७, टेस्टोस्टेरॉन मर्यादेत. थायरॉइडचा आजार नव्हताच. जानेवारीतलं ३१ प्रोलॅक्टिनही उतरलं. जानेवारीतल्या त्या दिवशी तिनं पहाटे उठून, धावतपळत एसटी पकडून, पोचल्या पोचल्या सुई टोचून घेतली होती. ताण, झोपमोड, नुकतंच उठणं, यांनी प्रोलॅक्टिन वाढतं. यावेळी तिला अर्धा तास शांत बसवून मग रक्त घेतलं.

एलएचचा मूळ आकडा ६.८ असणं पुढच्या कामासाठी गरजेचं होतं. काही जणींत पीसीओडीमध्ये एलएच कायमच चढलेलं असतं, मग घरगुती पट्ट्या दिवसामागून दिवस होकारार्थी येत राहतात आणि बाई हैराण होते. तिच्या बाबतीत पट्टी भरवशाची ठरेल असं दिसलं.

पट्टी कुठल्या दिवसापासून? सर्वांत छोट्या चक्रातून १७ वजा करायचे: ३४ वजा १७, म्हणजे १७ व्या दिवसापासून. रोज एकदा, दुपारी कारखान्यातून जेवायला घरी आल्यावर. सकाळची पहिली लघवी घ्यायची नाही, कारण एलएचची लाट बऱ्याचदा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास घेते. आधी दोन तास पाणी बेतानं. एप्रिल-मेच्या उकाड्यात, काजूच्या भट्टीजवळ काम करणाऱ्या बाईला "पाणी कमी प्या" सांगणं बरं नाही. म्हणून सकाळभर भरपूर पिऊन शेवटचे दोन तासच आवरायचं असं ठरवलं. पट्टी ५ मिनिटांनी वाचायची, १० मिनिटांनंतर दिसलेली रेघ धरायची नाही. चाचणीची रेघ नियंत्रण रेघेइतकी किंवा जास्त गडद असेल तरच होकार. या पट्ट्या साधारण २५ मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलीलिटरला होकार देतात. फिकट रेघ तर रोजच दिसणार, तिला अर्थ नाही. रोज त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात मोबाईलवर फोटो.

पहिल्या आठवड्यात दोन पट्ट्यांवर नियंत्रण रेघच उमटली नाही. आशाताईंनी (गावातल्या आशा आरोग्य-कार्यकर्तीनं) घरी जाऊन पाहिलं तर पाकिटं सोयीसाठी आधीच फाडून पट्ट्या न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेल्या. किनाऱ्यावरच्या दमट हवेत उघडी पट्टी एका दिवसात ओल धरते आणि तिच्यातली द्रावणाची वाट बिघडते. पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, डबा कपड्यांच्या कपाटात. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढताच दव धरतं. पाकीट फोडायचं ते वापरायच्या क्षणी.

१९ व्या दिवशी रेघ बरीच गडद झाली, पण नियंत्रण रेघेपेक्षा फिकट, आणि दुसऱ्या दिवशी उतरली. लांब चक्रांत असं होतं: फॉलिकल वाढतं, थबकतं. एस्ट्राडिओल २०० च्या वर जवळपास दोन दिवस टिकल्याशिवाय एलएचची खरी लाट उठत नाही. त्या दिवसाला होकार धरून सात दिवसांनी रक्त घेतलं असतं तर पुन्हा "बीज सुटत नाही" असाच रिपोर्ट हातात पडला असता. खरा होकार २४ व्या दिवशी, ७ मे रोजी आला, २५ व्या दिवशीही राहिला, २६ व्याला गेला.

सातवा दिवस १४ मे, रविवार. संकलन केंद्राची नमुने नेणारी गाडी रविवारी नसते. शनिवार की सोमवार, हा प्रश्न होता. सोमवार निवडला, कारण सहाव्यापेक्षा आठव्या दिवशी पिवळा पिंड पूर्ण कामाला लागलेला असण्याची शक्यता जास्त. प्रोजेस्टेरॉन ९.८. पाळी २१ मे रोजी आली. ३ च्या वरचा आकडा बीज सुटल्याचा पुरावा मानतात. हा निःशंक होता. बीज ८ मेच्या सुमारास सुटलं असं धरलं तर पुढचा टप्पा, तो दिवस आणि पाळीचा दिवस सोडून, १२ दिवसांचा, निरोगी.

नमुन्याच्या प्रवासाबद्दल थोडं. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) वेळेत वेगळं करून थंड पेटीतून गेलं तर प्रोजेस्टेरॉन बऱ्यापैकी टिकतं. मात्र काही जेल-ट्यूबांत सीरम जेलवर फार वेळ राहिलं तर आकडा घसरतो. म्हणून लांब जाणारं सीरम साध्या नळीत काढून पाठवायला सांगितलं होतं. सगळ्या चाचण्या एकाच प्रयोगशाळेतून, कारण पद्धत बदलली की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. नमुन्याच्या फॉर्मवर "शेवटची पाळी" या रकान्याखाली हातानं "एलएच होकार ७ मे" असंही लिहिलं.

आता तिसरा प्रश्न. नवऱ्याच्या बोटीच्या फेऱ्या आणि तिची चक्रं एका कागदावर मांडली. दिवस राहण्याची शक्यता बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढ्यातच असते. विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे सहा दिवस स्पष्ट झाले. जानेवारीपासूनच्या तीन चक्रांपैकी दोन चक्रांत त्या सहा दिवसांत तो समुद्रावर होता. उरलेल्या एकात एक रात्र जुळत होती. आणि दोघं ज्या दिवसांची वाट पाहत होती ते होते पाळीनंतरचे १२ ते १६, कारण तसंच सगळीकडे ऐकलेलं. तीन वर्षांच्या प्रयत्नांत खरी जुळलेली चक्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावीत.

तरीही नवऱ्याची वीर्य तपासणी केली. ती सर्वांत आधी व्हायला हवी होती. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो, गावातून ते अशक्य. म्हणून त्यानं रत्नागिरीतच, बोट बंदरात असताना, आधी दोन ते सात दिवस वीर्यपात न होऊ देण्याचा नियम पाळून दिला. अहवाल सामान्य.

निर्णय असा झाला की लेट्रोझोल तूर्त द्यायचं नाही. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत दोन चक्रं बसत होती. पट्टी आणि प्रोजेस्टेरॉन चालू ठेवायचं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचं, आणि ऑगस्टपर्यंत काही न झाल्यास नळ्यांची, म्हणजे गर्भनलिका उघड्या आहेत का याची, तपासणी.

पावसाळ्यातली दोन चक्रं

जूनमध्ये होकार २६ व्या दिवशी, १५ तारखेला आला. २२ जूनचं प्रोजेस्टेरॉन ४.६. हा आकडा पाहून सगळेच हिरमुसले, आणि प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल द्याव्यात असा सूर निघाला. दिल्या नाहीत. प्रोजेस्टेरॉन सलग धार धरून येत नाही, झटक्या-झटक्यानं येतं. निरोगी स्त्रीतही मधल्या दिवसांत दोन तासांच्या आत आकडा कित्येक पट वरखाली होतो. एक सुई त्या चढउतारात कुठे टोचली गेली हे कळत नाही. ३ च्या वर आहे, म्हणजे बीज सुटलं, एवढंच एका नमुन्यातून म्हणावं. टप्पा पुरेसा आहे की नाही हे पाळीच्या तारखेवरून पाहिलं: पाळी २८ जूनला, म्हणजे ११ दिवस. १० किंवा कमी असते तर विचार वेगळा झाला असता. शिवाय कॅप्सूल सुरू केल्यावर पुढच्या रक्तातला आकडा कॅप्सूलचा की अंडाशयाचा हे कुणी सांगू शकलं नसतं.

जुलैत होकार लवकर आला, २३ व्या दिवशी, २० तारखेला. नवरा घरीच होता. पट्टीची वाट न पाहता १७ व्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध ठेवायला सांगितलं होतं. होकार आल्यावर सुरुवात केली तर त्या सहा दिवसांतले बहुतेक निघून गेलेले असतात. २७ जुलैचं प्रोजेस्टेरॉन १२.७. ६ ऑगस्टला घरच्या चाचणीत दिवस राहिल्याचं दिसलं.

परिणाम, आणि आणखी एक वळण

१६ ऑगस्टला, शेवटच्या पाळीपासून बरोबर ७ आठवड्यांनी, पहिली सोनोग्राफी झाली. गर्भाची पिशवी दिसली, पीतक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) दिसलं, ठोके नाहीत. वाढ मागे आहे असा शेरा आला, आणि गर्भ राहणार नाही अशी कुजबुज घरात सुरू झाली.

इथे पट्ट्यांचे फोटो कामी आले. बीज २१ जुलैच्या सुमारास सुटलं होतं, म्हणजे नेहमीच्या गृहीतापेक्षा ९ दिवस उशिरा. गर्भाचं खरं वय ७ आठवडे नव्हतं, ५ आठवडे ५ दिवस होतं. त्या वयाला ठोके न दिसणं स्वाभाविक आहे. घाईनं काहीही न करता ११ दिवस थांबायचं ठरलं. २७ ऑगस्टच्या सोनोग्राफीत ठोके स्पष्ट होते आणि माप ७ आठवडे २ दिवसांशी जुळत होतं. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख ४ एप्रिल लिहिली गेली होती. ती बदलून १३ एप्रिल केली. नऊ दिवसांचा हा फरक शेवटच्या महिन्यात, "तारीख उलटली" म्हणून कळा आणायच्या की नाहीत हे ठरवताना, फार मोलाचा असतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा जानेवारीतच शक्य होती: रिपोर्टावर मत देण्याआधी पुढच्या पाळीची थोडी वाट पाहणं. प्रोजेस्टेरॉनचा आकडा पाळी आल्याशिवाय पूर्ण वाचताच येत नाही. संकलन केंद्राच्या फॉर्मवर तीन रकाने असते तर हे दोन्ही गोंधळ झाले नसते: गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा, केसांची किंवा नखांची गोळी, आणि पाळी पुढे ढकलायची किंवा हार्मोनची कुठलीही गोळी.

वीर्य तपासणी तिसऱ्या महिन्याऐवजी पहिल्या भेटीत सांगायला हवी होती. बाईचं रक्त तीनदा काढून झाल्यावर नवऱ्याकडे वळणं हा क्रम चुकीचा आहे, मग तो कितीही प्रचलित असो.

नळ्यांची तपासणी ऑगस्टपर्यंत लांबवणं हा निर्णय वादाचा आहे. तीन वर्षं म्हटल्यावर ती आधीच करावी असं म्हणणारे चूक नाहीत. इथे लांबवली ती जुळलेली चक्रं फार थोडी होती आणि बंदीचे दोन महिने हातचे जाऊ द्यायचे नव्हते म्हणून. ओटीपोटाचा जुना संसर्ग, क्षयरोग किंवा पोटाचं ऑपरेशन यांपैकी काहीही असतं, किंवा वय ३५ च्या पुढे असतं, तर मे महिन्यातच ती करायला हवी होती.

जूनमधलं रक्त वगळता आलं असतं. मे महिन्यात बीज सुटतं हे सिद्ध झालेलं होतं, पट्टीचा होकार होता, ४.६ या आकड्यानं निर्णय काहीच बदलला नाही, फक्त घरातली काळजी वाढवली. आणि पहिली सोनोग्राफी पाळीच्या तारखेवरून न ठरवता पट्टीच्या होकारावरून मोजून आठवडाभर उशिरा ठेवली असती, तर ते ११ दिवस या घराला काढावे लागले नसते.